एक बैल अडतो, दुसरा उधळतो

आपल्या शिराळ्याच्या शिवारात औत धरणाऱ्याला ठाऊक असतं, की एक बैल जागचा हलेना आणि दुसरा भलतीकडं ओढू लागला, तर कासरा धरणारा कितीही हुशार असला तरी तास सरळ पडत नाही. मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मिश्र प्रकारची असली की लेकराच्या शरीराचं असंच होतं.

हात उचल, घास तोंडात घाल, असा हुकूम मेंदूकडून स्नायूंना जातो. बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा लहानपणीच मेंदूला इजा झाली, तर हा हुकूम नीट पोचत नाही. काही भागांना इजा झाली की स्नायू ताठ होतात, मूठ उघडत नाही, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात. मेंदूच्या आतल्या दुसऱ्या भागाला इजा झाली की हात, मान, चेहरा आपोआप वळवळतो. मिश्र प्रकारात बहुतेक वेळा ही दोन्ही लक्षणं एकाच लेकरात असतात.

म्हणून सकाळी वाटी धरणारा हात दुपारी तीच वाटी उडवतो. भीती, घाई, फार आनंद यांनी त्रास वाढतो. झोपेत वळवळ थांबते. आपण म्हणतो, "मघाशी जमलं, आता नाटक करतंय." हे नाटक नाही, बायांनो. ओरडलं की स्नायू आणखी ताठतात.

बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असंही नाही. मुंबईच्या मालिनी चिब यांना हाच आजार. त्यांच्यासारख्या मुलांसाठी त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली संस्था काढून शाळा सुरू केली. मालिनीताईंनी एका बोटानं टाइप करून स्वतःची कहाणी लिहिली. ते पुस्तक २०१० साली आलं.

घरी काय करायचं? ताठ हातपाय ओढून सरळ करू नका, जोरात मालीश नको. हळू हलवा, आधी सांगून उचला. आडवं ठेवून भरवू नका. पाठीला आधार देऊन बसवा, मान मागं पडू देऊ नका, छोटा घास द्या. उत्तर द्यायला वेळ द्या.

बाळ चार महिन्यांचं होऊनही मान धरत नसेल, नऊ महिन्यांचं होऊनही बसत नसेल, अंग फार ताठ किंवा फार सैल वाटत असेल, तर "बसेल हळूहळू" म्हणून थांबू नका. आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतं. तिथून पुढं मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवतात. मेंदूची इजा भरून येत नाही, पण व्यायाम लवकर सुरू झाला तर सांधे आखडणं कमी करता येतं आणि लेकरू बरंच काही शिकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे, तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्रही काढून घ्या.

आणि ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, असं कुणी त्या आईला म्हणालं, तर आपण गटातल्या बायकांनी तिथंच थांबवायचं. तिला दवाखान्यात जायला सोबत हवी असते, बोल नकोत.