भुंगा नव्हे, भुंगेरा

मराठीत भुंगा आणि भुंगेरा हे शब्द शेजारी नांदतात, पण ते एकाच प्राण्याचे नाहीत. फुलाभोवती गुणगुणणारा, काळाभोर, निळसर झाक असलेल्या पंखांचा आणि वाळल्या लाकडाला भोक पाडून आत घर करणारा भुंगा मधमाशीच्या जवळच्या नात्यातला आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कोरडे लाकूड पोखरणारा, पण कोवळ्या कळीत अडकून पडणारा भ्रमर येतो, तो हाच. भुंगेऱ्याची जात निराळी. त्याचे पुढचे दोन पंख उडण्याच्या कामातून निवृत्त झालेले असतात. ते कडक होऊन पाठीवर ढालीसारखे बसतात आणि खालचे पातळ, उडायचे पंख झाकून ठेवतात. म्हणून या गटाला ढालपंखी कीटक म्हणतात. काजवा, शेणकिडा, तांदळातला सोंडकिडा आणि मावा खाणारा ठिपक्यांचा गोल लाल किडा हे सगळे भुंगेरेच. आजवर वर्णन झालेल्या त्यांच्या जाती चार लाखांच्या घरात जातात. प्राण्यांच्या दुसऱ्या कोणत्याही गणात इतक्या जाती नाहीत.

फुलांच्या परागीभवनाचे श्रेय बहुतेक वेळा मधमाशी आणि फुलपाखराला मिळते. ते वाजवी आहे, पण अपुरे आहे. म्यानमारमध्ये सापडलेल्या सुमारे 9 कोटी 90 लाख वर्षांपूर्वीच्या एका राळेच्या खड्यात एक चिमुकला भुंगेरा अडकला आहे. 2019 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या अंगावर आणि आसपास फुलझाडांचे 62 परागकण मोजता आले. त्या काळात फुलझाडे पृथ्वीवर पसरत होती, डायनोसॉर जिवंत होते आणि फुलाफुलांवर परागकण वाहण्याचे काम भुंगेरे करत होते. फुलांच्या ओळखीतल्या सर्वांत जुन्या पाहुण्यांत भुंगेऱ्याचे नाव घ्यावेच लागते.

हा पाहुणा मात्र नाजूक नाही. मधमाशीची लांब जीभ त्याला नाही, तोंडात चावणारे जबडे आहेत. तो मध चाटतो, परागकण चघळतो आणि जमले तर पाकळ्याही कुरतडतो. भुंगेऱ्यांवर भिस्त ठेवणारी फुले त्यामुळे वेगळ्या घडणीची असतात. ती वाटीसारखी किंवा ताटासारखी उघडी आणि दणकट असतात. रंगाने बहुधा पांढुरकी, पिवळट किंवा काळपट जांभळी असतात. वास उग्र असतो, कधी पिकल्या फळाचा, कधी चक्क सडक्या मांसाचा. परागकण भरपूर असतात, कारण त्यातले बरेच खाल्ले जाणार हे ठरलेलेच. बीजांडे मात्र जबड्यांपासून दूर, नीट झाकलेली असतात.

उघड्या फुलांवर दिवसाढवळ्या वावरणाऱ्या भुंगेऱ्यांमध्ये कँथॅरिडी हे कुळ ठळक आहे. जगात त्याच्या सुमारे 5000 जाती आहेत. इंग्रजीत त्यांना सोल्जर बीटल, म्हणजे शिपाई भुंगेरे म्हणतात. युरोपातल्या काही जातींचा लाल-काळा किंवा नारिंगी-काळा रंग जुन्या ब्रिटिश शिपायांच्या लाल डगल्याची आठवण करून देई, त्यावरून हे नाव पडले. नाव शिपायाचे असले तरी अंगावर चिलखत नाही. इतर भुंगेऱ्यांचे ढालपंख कडक असतात, यांचे कातड्यासारखे मऊ आणि लवचीक. शरीर लांबट आणि चपटे, मिशा दोऱ्यासारख्या लांब, छातीवरची ढाल रुंद आणि कडेला पसरट. काजवा निरखून पाहिलेल्याला ही ठेवण ओळखीची वाटेल, आणि ते बरोबरच आहे. शिपाई भुंगेरे आणि काजवे जवळच्या नात्यातले आहेत. फरक असा की शिपायाला दिवा नाही आणि त्याचे डोके वरून स्पष्ट दिसते, तर काजव्याचे छातीच्या ढालीखाली दडलेले असते.

मऊ अंगाचा किडा भर उन्हात उघड्या फुलावर बसतो, तरी पक्षी आणि कोळी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्याच्या छातीच्या आणि पोटाच्या कडेला ग्रंथी असतात. डिवचल्यावर त्यातून कडू, किळसवाणा पांढरा द्राव निघतो. अंगावरचा भडक रंग ही त्या चवीची आगाऊ सूचना असते. एकदा तोंड पोळलेला पक्षी तो रंग विसरत नाही.

शिपाई भुंगेऱ्याला मोठे, सपाट फुलोरे आवडतात. कोथिंबीर, शेपू, बडीशेप आणि गाजर यांच्या कुळातले छत्रीसारखे फुलोरे आणि सूर्यफुलाच्या कुळातली गच्च फुले यांवर जगभर ते भेटतात. युरोपात ऱ्हॅगोनिका फुल्वा ही नारिंगी जात उन्हाळ्यात रानटी गाजराच्या भाऊबंदांवर दाटीने दिसते. उत्तर अमेरिकेत चॉलिओग्नॅथस पेन्सिल्व्हॅनिकस ही पिवळ्या-काळ्या अंगाची जात शरद ऋतूत गोल्डनरॉडच्या पिवळ्या तुऱ्यांवर गर्दी करते. या फुलांत मध खोल नळीत नसतो, वरवरच असतो, त्यामुळे आखूड तोंडाच्या किड्यालाही तो मिळतो. शिवाय सपाट फुलोरा म्हणजे बसायला ओटा. शिपाई भुंगेरे तिथे खातात, जोडीदार शोधतात आणि तासन्‌तास जोडीने फिरत राहतात. त्या फिरण्यात परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर जातात. मधमाशीइतके ते चपळ नाहीत आणि अंगावर तिच्याइतकी दाट लवही नाही, पण संख्येने ते ही उणीव बरीच भरून काढतात. काही जाती फुलावर बसल्या बसल्या मावाही खातात.

अमेरिकेतल्या या शिपायांना फुलावरच गाठणारी एक बुरशीही आहे. बुरशी लागलेला भुंगेरा मरण्यापूर्वी जबड्याने फुलाला घट्ट पकडतो आणि तसाच लटकून मरतो. काही तासांनी, मेलेल्या अवस्थेतच, त्याचे पंख उघडले जातात. आतून फुगलेली बुरशी ते उचलते आणि उघड्या पाठीवरून आपले बीजाणू सोडते. जोडीदाराच्या शोधात तिथे आलेल्या दुसऱ्या भुंगेऱ्याला त्यातूनच लागण होते. परागकण ज्या वाटेने जातात, त्याच वाटेने रोगही जातो.

अळीचे आयुष्य निराळे. शिपाई भुंगेऱ्याची अळी गडद रंगाची असते आणि अंगावरच्या बारीक लवेमुळे मखमली दिसते. ती ओल्या पाचोळ्यात आणि मातीच्या वरच्या थरात राहते आणि शिकार करते. किड्यांची अंडी, लहान अळ्या, गोगलगाई असे जे मऊ मिळेल ते ती खाते. काजव्याची अळीही गोगलगाई खाते, तेव्हा हे घराण्याचेच वळण म्हणायचे. माळ्याच्या दृष्टीने असा किडा दोन्ही अवस्थांत उपयोगी ठरतो, वर फुलाला आणि खाली मातीत.

शिपाई भुंगेऱ्याच्या शास्त्रीय नावामुळे एक घोटाळा कायम होतो. कँथॅरिडिन हे कातडीवर फोड आणणारे रसायन 1810 साली फ्रान्सच्या पिएर रोबिके याने वेगळे केले. नाव जुळत असले तरी ते शिपाई भुंगेऱ्यात नसते. ते असते मेलॉइडी कुळातल्या भुंगेऱ्यांत. महाराष्ट्रातले शेतकरी त्यांना हिंगे म्हणून ओळखतात. काळ्या पंखांवर नारिंगी पट्टे असलेला हिंगा पावसाळ्यात आणि त्यानंतर बाजरीच्या कणसावर, तुरीच्या, चवळीच्या, भेंडीच्या आणि जास्वंदीच्या फुलांवर बसलेला असतो आणि फुलेच खाऊन टाकतो. अळीपणी मात्र तो जमिनीतली नाकतोड्यांची अंडी खातो. त्यामुळे त्याला सरसकट शत्रू ठरवणे अन्यायाचे आहे. उघड्या हाताने मात्र त्याला कधी पकडू नये.

मुंबईजवळच्या डोंबिवलीसारख्या गावात लाल-काळा किडा दिसला की तो बहुधा शिपाई भुंगेराही नसतो आणि हिंगाही नसतो. भेंडी-जास्वंदीवर थव्याने बसणारा लाल ढेकण्या हा भुंगेराच नव्हे. तो सोंडेने रस शोषणारा ढेकणाच्या गणातला किडा आहे. ओळखायची खूण सोपी आहे. भुंगेऱ्याचे ढालपंख पाठीवर मधोमध एका सरळ रेघेत मिळतात. ढेकण्याचे पंख एकमेकांवर चढतात आणि पाठीवर फुलीसारखी आकृती दिसते. शिपाई भुंगेऱ्यांना थंड, ओलसर, झाडांच्या सावलीतली जमीन मानवते. त्यांच्या पुष्कळ जाती हिमालयात आणि ईशान्य भारतात आहेत. सह्याद्रीतही त्या आहेत, पण खाडीकाठच्या सिमेंटच्या गावात त्या शोधण्यापेक्षा पावसाळ्यात मलंगगडाच्या किंवा बारवीच्या बाजूच्या झाडीत पाहणे बरे.

म्हणून डोंबिवलीत फुलांवरचे भुंगेरे नसतात असे नाही. उल्हास खाडी आणि मलंगगडाची रांग यांच्या मधल्या या पट्ट्यात इमारतींमध्ये अजून मोकळे तुकडे आहेत. एकदांडी आणि ओसाडी रेल्वेच्या कडेला आणि रिकाम्या प्लॉटवर बारा महिने फुलतात. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या. त्यांवर लहान भुंगेरे परागकण चघळताना दिसतात. मावा कमी पडला की ठिपक्यांचे गोल लाल भुंगेरेही परागकणांवर दिवस काढतात. याउलट दसरा-दिवाळीला ज्या झेंडूने बाजार भरतो, त्याची गच्च, भरलेली वाणे किड्यांच्या फारशा उपयोगाची नसतात. पाकळ्या वाढवण्याच्या नादात मधली परागकण देणारी बारीक फुले कमी झालेली किंवा झाकली गेलेली असतात. कुंडीत एकेरी झेंडू लावला तर फरक डोळ्यांना दिसतो.

या भागातले भुंगेऱ्यांचे खरे फूल मात्र कुंडीत येत नाही. ते भाजीच्या टोपलीतून येते. पहिला पाऊस झाला की डोंबिवली, कल्याण आणि बदलापूर स्टेशनांबाहेर मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या कातकरी आणि ठाकूर बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळ म्हणजे अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस, सुरणाचा रानातला भाऊ. वर्षभर जमिनीत निजलेल्या कंदातून पानाच्या आधी फुलोरा वर येतो. बाहेर जांभळट-तपकिरी आवरण आणि आत लांब दांडा. दांड्याच्या तळाशी मादीफुले, त्यांच्या वर नरफुले आणि त्यांच्याही वर नुसता गुळगुळीत लांब भाग अशी त्याची रचना असते. बाजारात जे येते ते न उमललेले असते. सोलून, चिरून, सोबत काकड नावाच्या रानफळांचा आंबट रस घालून त्याची भाजी करतात. सीकेपी घरांत ती सोडे किंवा कोळंबी घालून होते आणि वर्षातून एकदा तरी झालीच पाहिजे असा तिचा मान आहे. काकडे का, तर शेवळ खाजरे असते. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात आणि आंबटाने ही खाज कमी होते. साफ करताना दांड्याच्या खालचा पिवळसर, दाणेदार भाग काढून टाकतात, कारण तो सर्वांत खाजरा. तो भाग म्हणजेच खरी फुले, आणि भुंगेरे ज्यासाठी येतात तो भागही तोच.

तोडायचे राहून गेलेले शेवळ रानात उमलते. वरच्या गुळगुळीत भागातून कुजल्यासारखा दर्प सुटतो. सुरणाच्या कुळातल्या अनेक वनस्पतींत दांडा आतून तापतोही आणि उष्णतेने वास दूरवर पसरतो. सडके मांस किंवा शेण शोधत फिरणारे भुंगेरे त्या वासावर येतात, आवरणाच्या पेल्यात उतरतात आणि तळाच्या मादीफुलांवर वावरतात. आधीच्या शेवळावरून आणलेले परागकण तिथे लागतात. त्या वेळी वरची नरफुले मिटलेली असतात. मादीफुलांचा काळ सरला की नरफुले परागकण सोडतात आणि बाहेर पडणारा भुंगेरा ते अंगावर घेऊनच निघतो. एकाच फुलोऱ्यात दोन पाळ्या ठेवल्यामुळे आपलेच परागकण आपल्याला लागण्याचा प्रसंग टळतो. भुंगेऱ्याला अंडी घालायला मांस मिळत नाही. तो फसवला जातो. सुरणाचे मोठे, ओबडधोबड फूलही याच युक्तीवर चालते.

कमळ फसवत नाही, ऊब देते. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या वनस्पती उद्यानात मोजमाप करून 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की बाहेर 10 अंश सेल्सियस असतानाही कमळ आपला गाभा 30 ते 36 अंशांच्या दरम्यान राखते. पाकळ्या रात्री मिटतात. आत अडकलेल्या किड्याला उबदार खोली मिळते आणि सकाळी तो परागकण घेऊन बाहेर पडतो. कवींनी कमळात कोंडलेला भ्रमर पिढ्यान्‌पिढ्या रंगवला. रात्रीच्या त्या कोठडीत भ्रमराइतकाच हक्क भुंगेऱ्याचाही आहे.

सोनचाफा आणि सीताफळ ही आणखी दोन घरची उदाहरणे. सोनचाफ्याचे कुळ फुलझाडांतल्या जुन्या घराण्यांपैकी असून भुंगेऱ्यांवर चालणारे आहे. सीताफळाचे जाड, तीन पाकळ्यांचे फूल आधी मादी असते आणि मग नर होते. फळांच्या वासावर येणारे अगदी बारीक भुंगेरे त्यात शिरतात आणि परागीभवन करतात. ते कमी असले की फळे कमी धरतात किंवा वेडीवाकडी वाढतात. कारण सीताफळातला प्रत्येक डोळा हा एका वेगळ्या स्त्रीकेसराचा असतो आणि ज्याला पराग मिळाला नाही तो भाग फुगत नाही. बीडच्या किंवा सासवडच्या बागेत वेडेवाकडे सीताफळ दिसले, तर खताआधी भुंगेऱ्यांची चौकशी करायला हरकत नाही.

यातल्या बहुतेक भुंगेऱ्यांचे बालपण मातीत, पाचोळ्यात, शेणात किंवा कुजक्या लाकडात जाते. फूल हा त्यांच्या आयुष्याचा शेवटचा, थोड्या दिवसांचा मुक्काम असतो. म्हणून नुसती फुलझाडे लावून ते येत नाहीत. सोसायटीचे आवार पेव्हर ब्लॉकने बंद झाले, झाडाखालचा पाचोळा दर रविवारी पेटवला गेला आणि कुंपणावर रात्रभर दिवे लागले की अळीलाही जागा राहत नाही आणि काजव्याला जोडीदारही सापडत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती हातभर माती उघडी ठेवावी, पाचोळा तिथेच कुजू द्यावा, आणि रानातून येणाऱ्या बाईने शेवळाची जुडी पुढे केली की ती सगळीच्या सगळी फुले तोडून आणत नाही ना, थोडी मागे ठेवते ना, एवढे जरूर विचारावे.