पाय काढलेल्या कुत्र्याची जखम : जंतुसंसर्ग आणि घरची शुश्रूषा



वाङ्मयाच्या व्यासपीठावरून कुत्र्याच्या जखमेविषयी बोलायचे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण मराठी माणसाच्या मनात कुत्र्याची जागा फार जुनी आहे. खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, दत्ताच्या भोवती चार कुत्री आहेत आणि धर्मराज स्वर्गाच्या दाराशी कुत्र्यासाठी अडून उभा राहिला. आम्हा जैनांच्या पुराणांत जीवंधरकुमाराची कथा येते. मारहाणीने मरणासन्न झालेल्या एका कुत्र्याला त्याने णमोकार मंत्र ऐकवला आणि तो कुत्रा पुढे यक्ष झाला. जीवंधराच्या हाती त्या वेळी मंत्राखेरीज काही नव्हते. आपल्या हाती आज पुष्कळ आहे. भूल आहे, निर्जंतुक शस्त्रक्रिया आहे, प्रतिजैविके आहेत. त्यामुळे आपली जबाबदारीही वाढली आहे.

मी माणसांचा डॉक्टर, तोही होमिओपॅथीचा. जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिला आहे, मला नाही. म्हणून मी औषधांचे डोस सांगणार नाही. ट्रकखाली पाय चिरडलेल्या किंवा हाडाच्या कर्करोगामुळे पाय काढावा लागलेल्या कुत्र्याला आपण घरी आणले, तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत काय पाहायचे आणि काय टाळायचे, एवढेच सांगणार आहे. पाय गेल्याने कुत्र्याचे जगणे थांबत नाही. या दिवसांत त्याच्या जिवाला खरा घोर असतो तो चिघळणाऱ्या जखमेचा, आणि ते चिघळणे वेळीच ओळखणे घरच्या माणसाच्या हाती असते.

छेद आणि प्रमाद

आमच्या घरांतली वडीलधारी माणसे आधी एक प्रश्न विचारतात : मुक्या जनावराचा पाय कापणे ही हिंसा नव्हे का? प्रश्न बिनबुडाचा नाही. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत बंध आणि वध यांच्यानंतर छेद, म्हणजे अवयव कापणे, येतो. पण त्याच ग्रंथाने हिंसेचे मूळ प्रमादात दाखवले आहे. रागाने, लोभाने किंवा बेफिकिरीने केलेला घात म्हणजे हिंसा. सडलेला पाय काढून जीव वाचवणाऱ्या शल्यविशारदाचा हात त्यात बसत नाही. पाय काढून आणल्यावर आठ दिवस जखमेकडे ढुंकून न पाहणे मात्र नक्की बसते. त्याला प्रमादच म्हणावे लागेल.

कुत्र्याच्या शरीराचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि चाळीस टक्के मागच्या दोन पायांवर. म्हणून मागचा पाय गेलेला कुत्रा थोडा लवकर सावरतो, पुढचा गेलेल्याला तोल सापडायला वेळ लागतो. तरी बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत उभी राहतात आणि महिन्याभरात पळूही लागतात. फार स्थूल किंवा उरलेल्या सांध्यांत आधीच दुखणे असलेल्या कुत्र्याचा विचार पशुवैद्यक वेगळा करतो.

जखम चिघळते कशाने

पाय काढणे आणि जखम चिघळणे यांचे नाते वैद्यकाच्या इतिहासात दुःखद आहे. ग्लासगोच्या इस्पितळात जोसेफ लिस्टरने १८६५ मध्ये कार्बोलिक आम्ल वापरायला सुरुवात केली. त्याने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे, त्याआधी हात-पाय काढलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते आणि नंतरच्या ४० पैकी ६. शस्त्रक्रिया तीच होती. फरक पडला तो जंतूंना जखमेबाहेर ठेवल्याने.

कुत्र्याच्या बाबतीत अडचणी अधिक आहेत. मांडीचे किंवा खांद्याचे मोठे स्नायू कापल्यावर आत पोकळी राहते आणि तिथे रक्त व पाणी साठते. जखम काखेजवळ किंवा जांघेजवळ असते; तिथे ओल राहते आणि लघवीही लागते. अपघातातल्या पायात माती-खडे आधीच गेलेले असतात. शस्त्रक्रिया जितकी लांबते तितका धोका वाढतो. शिवाय कुत्र्याच्या कातडीवर एरवी निमूटपणे राहणारा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस नावाचा जंतू फट मिळाली की आत शिरतो. त्याच्या काही जाती आता नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत.

रोज काय पाहावे

पहिले चार-पाच दिवस जखमेच्या कडा थोड्या लाल व सुजलेल्या असणे स्वाभाविक आहे. भोवतीची कातडी निळी-जांभळी पडते आणि तो डाग खाली पोटाकडे सरकतो, त्यालाही घाबरू नये. कधी टाक्यांखाली मऊ, न दुखणारी, पाण्याच्या पिशवीसारखी सूज येते. ती बहुधा नुसत्या पाण्याची असते. डॉक्टरला दाखवावी, पण घरी सुई टोचून पाणी काढू नये, कारण त्या सुईबरोबर जंतू आत जातात. सारे ठीक चालले तर दहा ते चौदा दिवसांत टाके निघतात.

यापेक्षा वेगळे दिसले की सावध व्हावे. लाली कमी होण्याऐवजी पसरते. जागा गरम लागते आणि हात लावू देत नाही. पिवळट, हिरवट किंवा गढूळ स्राव येतो. वास येतो. टाके उसवून कडा उघडतात. आदल्या दिवशी जेवलेला कुत्रा आज ताटलीकडे पाहत नाही. यांतले एक लक्षण दिसले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रोज एकाच वेळी, एकाच उजेडात मोबाइलवर जखमेचा फोटो काढून ठेवावा. कालची लाली आणि आजची लाली यांतला फरक डोळ्यांच्या आठवणीपेक्षा फोटो नेमका सांगतो, आणि डॉक्टरलाही तो उपयोगी पडतो.

नाक ओले की कोरडे यावरून ताप कळत नाही. कुत्र्याचे शरीर आपल्याहून गरमच असते. गुदद्वारात थर्मामीटर लावून घेतलेले १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट तापमान त्याला साधारण असते. १०३ च्या पुढे गेले तर डॉक्टरला कळवावे. धाप, उलट्या, निपचित पडणे आणि हिरड्या पांढऱ्या किंवा विटेसारख्या लाल होणे, ही विष रक्तात भिनल्याची चिन्हे असू शकतात. तिथे सकाळची वाट पाहू नये.

काय करावे, काय टाळावे

पहिले काम चाटणे थांबवण्याचे. कुत्र्याची लाळ औषधी असते असे आपल्याकडे म्हणतात. लाळेत काही जंतूंना रोखणारी द्रव्ये असतात हे खरे, पण त्या तोंडात जंतूही अगणित असतात आणि खरखरीत जीभ टाके उसवते. म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखा प्लास्टिकचा कोन घालतात. घरच्यांना तो शिक्षेसारखा वाटतो. आमच्या भागातल्या एका कुटुंबाने दया येऊन रात्रीपुरता कोन काढला आणि सकाळी चार टाके निघालेले होते. जखम पुन्हा उघडून धुवावी लागली. टाके निघेपर्यंत कोन काढायचा असेल तर जेवताना, तोही शेजारी बसून.

अंथरायला धुतलेली सुती वाकळ किंवा जुने लुगडे घ्यावे आणि रोज बदलावे. गुळगुळीत फरशीवर तीन पायांचा कुत्रा घसरतो आणि ताण टाक्यांवर येतो, म्हणून त्याच्या वाटेवर चटई किंवा गोणपाट पसरावे. टाके निघेपर्यंत आंघोळ नाही आणि उड्या नाहीत. बाहेर नेताना पट्ट्यानेच न्यावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बसायची जागा कोरडी ठेवणे हेच निम्मे औषध.

जखमेला लावायचे ते डॉक्टरने दिलेलेच. हळद, राख, चुना, तंबाखू, टाल्कम पावडर यांपैकी काही भरू नये. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट आणि न पातळ केलेले डेटॉल जंतूंबरोबर नव्याने भरणारे मांसही जाळतात. वरचा स्राव पुसायचाच असेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून, स्वच्छ कापसाने हलक्या हाताने पुसावे. आधी आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

माश्यांकडे विशेष लक्ष हवे. ओल्या जखमेवर माशी अंडी घालते आणि थोड्याच वेळात आळ्या होतात. मग लोक फिनेल, रॉकेल किंवा पेट्रोल ओततात. त्याने कुत्र्याची कातडी भाजते आणि ते चाटले तर विषबाधा होते. काही घरी उलट अडचण येते, आळीही जीवच म्हणून कोणी हात लावत नाही आणि तेवढ्यात आळ्या आत मांस पोखरत जातात. जखम झाकलेली आणि कुत्रा मच्छरदाणीत ठेवला, तर दोन जिवांतून एकाची निवड करण्याची वेळच येत नाही. आळ्या पडल्याच तर काढण्याचे काम पशुवैद्यकाचे.

वेदनेसाठी घरातली गोळी देऊ नये. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. पॅरासिटामॉलचा डोस चुकला तर यकृत बिघडते. डायक्लोफिनॅकवर तर गिधाडांच्या नाशामुळे आपल्या देशात २००६ साली जनावरांसाठी बंदी आली, आणि कुत्र्यालाही ते घातकच आहे. आणखी एक गोष्ट : दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो. चावलाच तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

दवाखान्यात काय होते

चिघळलेली जखम पाहून पशुवैद्यक काही टाके मुद्दाम सोडतो, तेव्हा घरचे घाबरतात. पण आत कोंडलेला पू बाहेर येऊ देणे हाच पहिला उपचार. मग सलाइनने भरपूर धुणे आणि मेलेले मांस काढणे. पुवाचा नमुना कल्चरला पाठवला की दोन-तीन दिवसांत जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाला बधतो हे कळते. खर्च वाचवण्यासाठी ही तपासणी टाळू नये, कारण चुकीच्या प्रतिजैविकावर गेलेला आठवडा महाग पडतो. त्यानंतर जखम कधी उघडी ठेवून तळापासून भरू देतात. लाल, दाणेदार, सहज रक्त येणारे मांस वर येऊ लागले की ते शुभचिन्ह समजावे. ड्रेसिंग सुरुवातीला रोज बदलावे लागते. प्रतिजैविक वेळेवर द्यावे, कुत्रा खेळू लागला म्हणून मध्येच थांबवू नये आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी जपूनही ठेवू नयेत.

लोक मला विचारतात, डॉक्टर, आर्निका द्या, कॅलेंडुला द्या, सिलिशिया दिले तर पू आटेल ना? पू झालेल्या जखमेवर होमिओपॅथीच्या गोळ्यांची भिस्त ठेवू नका. त्याने जंतुसंसर्ग बरा होतो असे दाखवणारा भरवशाचा पुरावा माझ्यापाशी नाही, आणि वाट पाहण्यात गेलेले दोन दिवस परत येत नाहीत. कॅलेंडुलाचा अर्क मद्यार्कात असतो, तो उघड्या जखमेवर ओतला तर आग होते. आमच्या पद्धतीचे जनक हानेमान यांनीही ‘ऑर्गेनॉन’च्या १८६ व्या परिच्छेदात जखम शिवणे, हाड बसवणे आणि साठलेल्या द्रवाला वाट करून देणे ही शल्यकर्मे शल्यविशारदाकडेच सोपवली आहेत. प्रकृतीसाठी आपले औषध ते सुचवतात, पण पुवाला वाट करून देण्याचे काम ते गोळीकडे देत नाहीत.

आहार आणि पुढचे दिवस

जखम भरायला प्रथिने लागतात. अंडी-मांस चालणाऱ्या घरी उकडलेले अंडे, शिजवलेली बिनहाडाची कोंबडी द्यावी. शाकाहारी घरी पनीर, दही, मऊ वरण-भात चालेल, पण तो पूर्ण आहार होतो का हे पशुवैद्यकाला विचारावे. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. त्या बाबतीत आमचे जैन स्वयंपाकघर त्याला फार मानवते! द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कोणत्याच घरी देऊ नये. तीन पायांवर वजन वाढू देणे परवडत नाही, हे पुढे आयुष्यभर लक्षात ठेवावे.

जखमेला वास येऊ लागला की पुष्कळ घरांत एकच बोलणे सुरू होते : तीन पायांवर जगून तो काय करणार, सोडवून टाका. कधी कधी, रोग सर्वांगात पसरलेला आणि वेदना आटोक्याबाहेर गेलेली असता, पशुवैद्यकाशी बसून तोही विचार करावा लागतो. पण चिघळलेली जखम हे एकटे कारण त्याला पुरत नाही. ती बहुतेक वेळा भरून येते. तीन पायांचा कुत्रा आपल्या चौथ्या पायाचा हिशेब मांडत बसत नाही. तो हिशेब आपण मांडतो. त्याला हवे असते ते रोज एकदा जखम पाहणारे माणूस, वेळेवर गोळी आणि कोरडी वाकळ. एवढे आपल्यापैकी कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे.