हार्डडिस्क बदलली, आता फाईल उघडेना? फॉरमॅटला हो म्हणण्याआधी हे वाचा

ताईंनो, समजा आपल्या प्रभागसंघाच्या कार्यालयातला कॉम्प्युटर बंद पडला. मेकॅनिकने नवीन हार्डडिस्क बसवली आणि जुनी डिस्क वायरने जोडून दाखवली. फोल्डर दिसतंय, त्यावरचं 'कर्ज वाटप २०२२' हे नावही वाचता येतंय. पण क्लिक केलं की मेसेज येतो, 'ॲक्सेस डिनाइड'. म्हणजे तुम्हाला परवानगी नाही. फाईल आपल्याच संघाची, आपल्याच लिपिकाताईने टाईप केलेली, आणि परवानगी मात्र नाही! त्यात विंडोजचं अपडेटही अर्ध्यात अडकतं आणि एक लांबलचक आकडा दाखवून थांबतं. मग दुकानातून सल्ला मिळतो, "मॅडम, फॉरमॅट मारू, सगळं नीट होईल."

कॉम्प्युटर नीट होईल, खरंय. पण फाईली जातील.

लोकोस ॲपमध्ये भरलेल्या नोंदी सर्व्हरवर पोहोचलेल्या असतात, त्या कॉम्प्युटर बिघडला म्हणून जात नाहीत. पण कार्यालयाच्या मशीनमध्ये त्याशिवाय काय काय असतं ते आठवून बघा. बँकेला दिलेल्या कर्ज प्रस्तावांच्या प्रती, ठराव, ऑडिटसाठी केलेले एक्सेलचे तक्ते, प्रदर्शनातल्या विक्रीची बिलं, मसाल्याच्या आणि पापडाच्या ऑर्डरी. एखाद्या ताईने किती हप्ते फेडले यावरून उद्या वाद झाला, तर रजिस्टरासोबत हाच तक्ता उघडावा लागतो. म्हणून घाई करू नका. 'परवानगी नाही' याचा अर्थ 'फाईल गेली' असा होत नाही. उलट, परवानगीचा मेसेज येतोय म्हणजे फाईल बहुतेक जागेवर आहे.

परवानगी अडते कशामुळे?

आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नाव बदललं, जिल्हा तोच राहिला. कॉम्प्युटरचं नेमकं उलटं असतं. जुन्या मशीनवर वापरणाऱ्याचं नाव 'ऑफिस' होतं, नवीन डिस्कवर मेकॅनिकने पुन्हा 'ऑफिस' हेच नाव दिलं, तरी विंडोजच्या लेखी ही दोन वेगळी माणसं आहेत. कारण विंडोज नाव बघत नाही, नावामागचा लांब नंबर बघतं. गटात दोन सुनीता असल्या तर बँक कशी खाते क्रमांकावरून ओळखते, तसंच. विंडोज नव्याने टाकलं की नंबर नवा तयार होतो. जुन्या फाईलींवर मालक म्हणून जुनाच नंबर राहतो, आणि त्या नंबरचा माणूस आता मशीनमध्ये नाही.

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. खातेदार वारला म्हणून जमीन कुठे जात नाही. पण फेरफार होऊन वारसाचं नाव लागेपर्यंत कागदावर मालक जुनाच. फाईलचाही फेरफार करावा लागतो, एवढंच. आणि तो करायला तलाठी कार्यालयाचे हेलपाटे नाहीत, पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

पण आधी डिस्कची तब्येत

फेरफार करण्याआधी एक गोष्ट बघायचीच. जुनी डिस्क खरोखर किती आजारी आहे? ती टकटक किंवा खरखर आवाज करत असेल, फोल्डर उघडायला मिनिटं-मिनिटं लागत असतील, मध्येच गायब होऊन परत दिसत असेल, तर तिच्यावर कसलीही दुरुस्ती चालवू द्यायची नाही. मेकॅनिक 'चेकडिस्क' नावाची तपासणी लावतात. चांगल्या डिस्कला ती ठीक आहे, मरणाऱ्या डिस्कला ती शेवटचा धक्का ठरू शकते. मालकी बदलतानाही डिस्कवर हजारो ठिकाणी लिहिलं जातं. आजारी माणसाकडून नांगर ओढून घेण्यातला प्रकार.

अशा वेळी मेकॅनिकला सांगा, "आधी कॉपी काढा, दुरुस्ती नंतर." त्याला पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करता येत असेल तर फारच चांगलं. लिनक्स विंडोजच्या परवानग्या विचारत बसत नाही, थेट फाईली वाचून दुसऱ्या डिस्कवर उतरवतं. त्यात मालकी बदलण्याची गरजच पडत नाही. आवाज फार असेल तर डिस्क बंद करून ठेवायची आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडेच न्यायची. वारंवार चालू-बंद करून "बघू, आता होतंय का" हे करू नका.

बऱ्याच वेळा मात्र डिस्क ठणठणीत असते. मदरबोर्ड गेलेला असतो, किंवा विजेच्या चढउतारात पॉवर सप्लाय जळालेला असतो. आपल्याकडे लाईट जाते-येते तेव्हा हेच भाग आधी बळी पडतात. डिस्क चांगली असेल तर पुढचं काम आपल्या लिपिकाताईलाही जमेल.

फेरफार असा करायचा

ॲडमिनिस्ट्रेटर अधिकार असलेल्या नावाने कॉम्प्युटर उघडा. अडलेल्या फोल्डरवर डबल क्लिक केलं की 'कंटिन्यू' असं बटण दिसतं. ते दाबा आणि थांबा. फाईली जास्त असतील तर वेळ लागतो, हिरवी पट्टी हळूहळू सरकते. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं.

नाहीच झालं तर त्या फोल्डरवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर 'ओनर' लिहिलेलं दिसेल. तिथे नावाऐवजी एस-१-५ ने सुरू होणारा लांब नंबर असेल तर समजा, हाच तो जुना मालक. शेजारच्या 'चेंज'वर क्लिक करून आपल्या चालू खात्याचं नाव टाका, 'चेक नेम्स' दाबा, ओके करा. खाली एक चौकोन येतो, 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स...' असं लिहिलेला. त्यात टिक करायला विसरू नका. नाहीतर बाहेरचं फोल्डर आपलं होतं आणि आतल्या फाईली परक्याच राहतात. ॲप्लाय करून सगळ्या खिडक्या बंद करा. पुन्हा सिक्युरिटीमध्ये जाऊन 'एडिट'मधून आपल्या नावाला 'फुल कंट्रोल' द्या. मालकी आणि परवानगी या दोन वेगळ्या नोंदी आहेत. जमीन नावावर झाली तरी गेटची किल्ली घ्यावीच लागते ना!

फोल्डर उघडलं की फाईली नवीन डिस्कवर कॉपी करा. दुसऱ्या डिस्कवर गेलेली प्रत त्या डिस्कवरच्या फोल्डरच्या परवानग्या घेते, त्यामुळे तिथे हा त्रास पुन्हा होत नाही.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. त्रास नको म्हणून काही जण सगळ्या सी ड्राइव्हचीच मालकी घेतात, किंवा 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन टाकतात. सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फाईलींचा मालक मुद्दामच 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' ठेवलेला असतो, म्हणजे आपल्या हातून किंवा व्हायरसकडून त्या बदलल्या जाऊ नयेत. तिथली मालकी उलटसुलट केली की अपडेट अडायला लागतात. आज घेतलेला शॉर्टकट पुढच्या महिन्यात अपडेटची तक्रार होऊन समोर येतो. आपल्या कामाचं फोल्डर तेवढं घ्या, बाकीच्याला हात लावू नका.

एक अडचण मात्र फेरफाराने सुटत नाही. डिस्कला 'बिटलॉकर'चं कुलूप असेल, तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागतेच. नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप आपल्याला न सांगताही लागलेलं असू शकतं, आणि मदरबोर्ड बदलला की मशीन ती की मागतं. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, बहुतेक वेळा त्या खात्यात ती साठवलेली असते. ते खातं कोणाच्या मोबाईल नंबरवर आहे? आधीच्या व्यवस्थापकताईंच्या? की दुकानातल्या पोराच्या? हा प्रश्न आजच, मशीन चालू असतानाच विचारा. की मिळाली की कागदावर लिहून संघाच्या कपाटात ठेवा.

आता अपडेटचं

काही जणी म्हणतात, अपडेट नाही झालं तर काय बिघडलं? मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभरातल्या कॉम्प्युटरमधल्या फाईलींना कुलूप लावून खंडणी मागितली होती. विलायतेतले दवाखाने अडले. त्या भगदाडावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच अपडेटमधून दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. जूनमध्ये तसाच दुसरा हल्ला आला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. आपल्या मशीनमध्ये सभासदांचे आधार क्रमांक आणि पासबुकाच्या प्रती असतात, तेव्हा अपडेट हवंच.

दुरुस्तीनंतर अपडेट अडलं तर सगळ्यात आधी घड्याळ बघा. हसू नका! मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की बंद-चालू केल्यावर कॉम्प्युटर कुठल्यातरी जुन्याच वर्षात जातो. तारीख चुकली की मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही. सेल बदला, तारीख नीट करा, अर्धी भांडणं मिटतात.

मग जागा. जुनी डिस्क मोठी होती, नवी एसएसडी वेगवान पण लहान घेतली, असं खूप ठिकाणी होतं. सी ड्राइव्हवर निदान २० जीबी मोकळी ठेवा. चुकीच्या आकड्याच्या शेवटी ८००७००७० असेल तर जागा संपली असं समजा. शेवटी ८००७०००५ असेल तर तो परवानगीचा आकडा, वर सांगितलेल्या ट्रस्टेडइन्स्टॉलरच्या भानगडीतला. मेकॅनिकला फोनवर "अपडेट होत नाही" एवढंच न सांगता हा आकडा वाचून दाखवा, त्याचाही वेळ वाचतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल आणि तो 'मीटर्ड' ठरवलेला असेल, तर विंडोज डेटा वाचवायला अपडेट थांबवून ठेवतं. तो बिघाड नव्हे.

एवढ्याने झालं नाही तर सेटिंगमधला अपडेटचा 'ट्रबलशूटर' चालवा. त्यापुढचं काम मेकॅनिकचं, पण त्याला काय विचारायचं ते आपल्याला माहीत हवं. "डिझम आणि एसएफसी दोन्ही चालवलं का?" पहिलं विंडोजचा मूळ साठा दुरुस्त करतं, दुसरं त्या साठ्यातून बिघडलेल्या फाईली बदलतं, म्हणून क्रमही तोच. "अपडेटचं सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन फोल्डर नाव बदलून नव्याने तयार होऊ दिलं का?" अर्धवट उतरलेलं अपडेट त्यातच अडकून बसलेलं असतं. आणि हे सगळं करूनही जमलं नाही तरी फॉरमॅट हा पुढचा उपाय नाही. विंडोज ११ च्या सेटिंगमध्ये 'रिकव्हरी'खाली विंडोज अपडेटमधूनच पुन्हा इन्स्टॉल करण्याची सोय आहे. त्यात फाईली आणि प्रोग्राम जागच्या जागी राहतात. तरीही आधी प्रत काढूनच करायचं. आणि अपडेट चालू असताना लाईट गेली तर काम पुन्हा अर्धवट, म्हणून यूपीएस चालू आहे का ते बघून मगच सुरू करा.

कार्यालयात अजून विंडोज १० असेल तर वेगळीच गोष्ट. त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिथे अपडेट येत नाही म्हणून दुरुस्तीवर पैसे घालवू नका. मशीन विंडोज ११ घेऊ शकतं का एवढंच विचारा.

काम झालं की मेकॅनिकसमोरच पाच-सहा फाईली उघडून बघा. नुसती नावं दिसून चालत नाही. एक जुना ठराव, एक एक्सेल, एक फोटो. एक्सेलमध्ये एखादा आकडा बदलून सेव्ह होतो का तेही पाहा, कारण वाचायची परवानगी असून लिहायची नसते असंही होतं. सगळं ठीक दिसलं की बिल घ्या आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मेकॅनिकने ठेवलेला असेल तो बदला. नवा पासवर्ड बंद पाकिटात घालून, अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या करून, कॅशबॉक्सशेजारी ठेवा. फाईलींची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ती कार्यालयाबाहेर, एखाद्या पदाधिकारी ताईंकडे ठेवायची. दर महिन्याच्या बैठकीआधी ती ताजी करायची.

राहता राहिली जुनी डिस्क. "ही द्या, बिलात थोडं कमी करतो," असं दुकानात कोणी म्हणालं तर देऊ नका. बंद पडलेल्या डिस्कवरूनही माहिती निघते, आणि तिच्यात आपल्या सगळ्या सभासदांचे कागद आहेत. काढलेल्या प्रतीवरून एक ऑडिट नीट पार पडेपर्यंत ती तारखेची चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवा, साठा रजिस्टरला नोंद करा. नंतर कार्यकारिणीत ठराव घेऊन, दोन पदाधिकाऱ्यांसमोर, हातोडीने फोडूनच भंगारात द्या.