रंग प्यायलेलं कापड

अ‍ॅना व्हिस्लर खुर्चीत बसल्या आहेत, एका बाजूला तोंड करून. काळा पोशाख, पांढरी टोपी, मांडीवरच्या हातात रुमाल, मागे करडी भिंत. मुलानं, म्हणजे जेम्स मॅकनील व्हिस्लरनं, हे चित्र 1871मध्ये लंडनच्या चेल्सीतल्या घरात रंगवलं. सुरुवातीला त्या उभ्या होत्या. सदुसष्टाव्या वर्षी ते झेपेना, तेव्हा खुर्ची आली.

चित्र सुमारे 144 बाय 162 सेंटिमीटरचं आहे, पण त्यावर रंग जेमतेम. व्हिस्लरनं कॅनव्हासची मागची बाजू घेतली, जिला पांढरा लेप लावलेला नव्हता. रंग तो इतका पातळ करी की त्याला ‘सॉस’च म्हणे. कोरं कापड हा सॉस पिऊन टाकी. मनासारखं उतरलं नाही तर खरवडायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. म्हणून त्या भिंतीत कापडाची वीण अजून दिसते, आणि भिंत रंगवल्यासारखी न वाटता संध्याकाळी खोलीत साचलेल्या उजेडासारखी वाटते.

संवर्धकाचा जीव टांगणीला लागतो तो इथेच. जाड रंगाच्या चित्रावरचं पिवळं पडलेलं व्हार्निश उतरवताना खाली निदान रंगाचा भक्कम थर असतो. इथे रंग आणि व्हार्निश एकाच धाग्यात मुरलेले. कापसाचा बोळा एकदा जास्त फिरला तर रंगही निघून येईल. आधारासाठी मागून दुसरं कापड मेणानं चिकटवावं, तर मेण झिरपून करडा रंग काळवंडण्याची भीती. अशा चित्राला कमीत कमी हात लावणं हीच मला खरी कारागिरी वाटते.

चौकटही व्हिस्लर स्वतः आखायचा. त्या काळच्या फुलापानांच्या जड नक्षीऐवजी सपाट सोनेरी पट्ट्या आणि त्यांवर बारीक समांतर रेघा. चित्रातही अशाच सरळ कडा आहेत: पडदा, भिंतीचा काळा पट्टा, काळ्या चौकटीतलं त्याचंच थेम्सकाठचं एचिंग. शीर्षकात आईचा उल्लेख नंतर येतो, आधी ‘करड्या-काळ्याची मांडणी’.

लंडनच्या रॉयल अकादमीनं 1872मध्ये हे चित्र नाखुशीनंच घेतलं. अकादमीचा सदस्य असलेल्या विल्यम बॉक्सॉलनं राजीनाम्याची धमकी दिली, तेव्हा कुठे. फ्रान्स सरकारनं ते 1891मध्ये 4,000 फ्रँकना विकत घेतलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

मातृदिनासाठी अमेरिकेनं 1934मध्ये या चित्राचं तीन सेंटचं तिकीट काढलं. त्यात खालचा भाग कापला, पाय गेले, आणि कोपऱ्यात फुलांची कुंडी ठेवली.