कोयता देणारा हात

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक पोलिसांनी गुंडांकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असे वदवून घेतले, तेव्हा नागरिक सुखावले. ते स्वाभाविकच होते. परंतु त्या हात जोडणाऱ्यांच्या मागे जो पोरसवदा वर्ग उभा आहे, त्याचे काय?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी खानदेश, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहार येथील माणसे आणली. सिडकोने अनेकांना घरे दिली. बाप पाळीवर, मुलगा नाक्यावर! तेथे त्याला पहिली हाक मारतो तो ‘भाई’. तो जात वा भाषा विचारीत नाही. आमच्या मंडळांनी लाजावे अशीच ही गोष्ट.

अल्पवयीनास शिक्षा सौम्य, म्हणून कोयता त्याच्या हाती दिला जातो. वस्तुतः २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ८३(२) मुलांकडून बेकायदा कृत्ये करवून घेणाऱ्या प्रौढास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व पाच लाख रुपये दंड सांगते. मुलगा पकडला गेला की तपास त्या प्रौढापर्यंत नेलाच पाहिजे. धिंड काढण्यापेक्षा हे काम कष्टाचे, म्हणूनच अधिक मोलाचे.

आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी एवढा खर्च मांडणाऱ्या शहराला, महापालिकेच्या शाळांची पटांगणे सायंकाळी या मुलांसाठी उघडी ठेवणे खरोखरच परवडणार नाही काय?