संधाय संभाषा : वैद्य, रुग्ण आणि औषधविक्रेता

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे वैद्य, द्रव्य, परिचारक व रुग्ण असे ४ पाद व त्यांचे एकूण १६ गुण वर्णिले आहेत. रुग्णाच्या गुणांत 'ज्ञापकत्व', म्हणजे आपली व्यथा नीट सांगता येणे, याचा समावेश आहे. हा गुण बहुधा वैद्याच्या प्रश्नांतूनच प्रकट होतो, असे आम्हास वाटते.

रुग्णाशी संवाद

आपल्या भागातील रुग्ण 'पित्त झालंय' एवढेच सांगतो. त्यास अम्लपित्त अभिप्रेत असते किंवा अंगावर उठलेले शीतपित्त. म्हणून त्यास मध्येच न तोडता बोलू द्यावे व मग 'म्हणजे नेमके काय होते?' असे विचारावे.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्याचे काही रुग्ण वैद्य रागावतील या भीतीने लपवितात. 'त्या गोळ्या कशाला घेता?' म्हटल्यास ते गप्प होतात. 'सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत?' असे सहज विचारल्यास उत्तर मिळते. त्या गोळ्यांसोबत शर्करा कमी करणारे कल्प नकळत दिले गेल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तेव्हा हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे.

भूम, वाशी, कळंब भागांतून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबास हंगामाच्या तोंडावर 'महिन्याने या' सांगणे व्यर्थ होय. 'परत केव्हा येणार?' हे आधी विचारून, फडावर पाळता येईल असेच पथ्य सांगावे.

औषधविक्रेत्याशी संवाद

शार्ङ्गधरांनी औषधसेवनाचे ५ काल सांगितले आहेत. वैद्याने 'जेवणापूर्वी' सांगावे व दुकानात 'जेवणानंतर' सांगितले जावे, यात रुग्णाचा दोघांवरील विश्वास उडतो. यास्तव काल, मात्रा व अनुपान वैद्याने चिठ्ठीवर सुवाच्य मराठीत लिहावे. लिहिलेला कल्प उपलब्ध नसल्यास विक्रेत्याने पर्याय देण्यापूर्वी वैद्यास दूरध्वनी करावा. वैद्यानेही त्यास त्रास न मानता उत्तर द्यावे. 'औषध गरम पडले' म्हणून रुग्ण ते परस्पर बंद करतो, तेव्हा ही गोष्ट पुष्कळदा दुकानातच प्रथम कळते. ती वैद्यापर्यंत पोहोचविणे हा चिकित्सेचाच भाग आहे.

विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य, म्हणजे मैत्रीची व विरोधाची, असे २ प्रकार आहेत. तो विचार विद्वानांच्या चर्चेचा असला तरी आपल्या नित्य व्यवहारासही लागू पडतो. मतभेद असावेत, परंतु रुग्णासमोर एकमेकांच्या औषधास नावे ठेवू नयेत. त्यात हानी होते ती रुग्णाचीच.