नळाचे आवर्तन आणि क्वांटमचे सर्किट

उन्हाळ्यात नळाला रोज पाणी न येणे विदर्भातील गावांना नवे नाही. समजा, वाशीमच्या एका वस्तीत १ आणि ५ तारखेला पाणी आले आणि शेजारच्या वस्तीत २ आणि ६ तारखेला. तारखा वेगळ्या, पण आवर्तन दोन्हीकडे एकच, चार दिवसांचे. कॅलेंडरवर खुणा केल्या की घरातील कोणीही हे सांगेल. मात्र नोंदी अब्जावधी असतील आणि त्यांत दडलेले आवर्तन शोधायचे असेल, तर नुसती नजर पुरत नाही. तिथे जे गणित कामी येते, त्याला फूरिए रूपांतर म्हणतात.

फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए यांनी १८२२ मध्ये उष्णतेवरील आपल्या ग्रंथात ही पद्धत मांडली. आज ती आपल्या नकळत रोज वापरात असते. एमआरआय यंत्र शरीराचा फोटो काढत नाही. शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारे रेडिओ संकेत ते गोळा करते आणि त्या संकेतांचे चित्र बनवण्याचे काम संगणक फूरिए रूपांतराने करतो. १९६५ मध्ये कूली आणि टुकी या अमेरिकी संशोधकांनी हे गणित झटपट करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि ते संगणकाच्या अंगवळणी पडले.

याच गणिताची क्वांटम आवृत्ती सध्या चर्चेत आहे. तिच्यामुळे बँकांची डिजिटल कुलुपे उघडतील, असे मथळे अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांत तथ्य किती, हे तपासायला मोठ्या प्रयोगशाळेत जावे लागत नाही. हे सर्किट साध्या लॅपटॉपवर, फुकट मिळणाऱ्या साधनांनी स्वतः जोडून पाहता येते.

कुलपाशी संबंध काय?

इंटरनेटवरील अनेक कुलुपे आरएसए या पद्धतीवर चालतात. दोन प्रचंड मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर केला जातो, पण त्या दोन संख्या गुप्त राहतात. गुणाकार करणे सोपे, त्याचे अवयव शोधणे मात्र महाकठीण. सारी सुरक्षितता या एका गोष्टीवर उभी आहे.

आता १५ ही छोटी संख्या घेऊ. २ चे घात घ्यायचे, प्रत्येकाला १५ ने भागायचे आणि फक्त बाकी लिहायची: १, २, ४, ८, पुन्हा १, २, ४, ८. आवर्तन चारचे. चारचे निम्मे दोन, म्हणून २ चा दुसरा घात घेऊ, म्हणजे ४. त्यातून एक वजा केला की ३, एक मिळवला की ५. तीन पाचे पंधरा. आवर्तन सापडले आणि कुलूप उघडले.

मोठ्या संख्येतही बाक्यांना असेच आवर्तन असते, पण ते इतके लांब असते की साध्या संगणकाच्या हाती लागत नाही. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवले, की क्वांटम संगणक हे आवर्तन फूरिए रूपांतराच्या मदतीने शोधू शकेल. २००१ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी सात क्यूबिटच्या प्रयोगात १५ चेच अवयव काढून दाखवले.

सात तुकडे

क्वांटम सर्किट लिहिण्यासाठी आयबीएमची 'किस्किट' ही प्रोग्रॅमिंग लायब्ररी २०१७ पासून खुली आहे. गुगलची 'सर्क' आणि इतरही आहेत. सगळ्या पायथन भाषेत वापरता येतात. फूरिएचे सर्किट या लायब्रऱ्यांत तयारही मिळते, एका ओळीत बोलावता येते. तरी ते एकदा हाताने जोडावे, म्हणजे आत काय आहे ते कळते.

साधा बिट शून्य असतो किंवा एक. क्यूबिटमध्ये दोन्ही शक्यता एकत्र नांदू शकतात. तीन क्यूबिट घेतले, की शून्य ते सातपर्यंतच्या आठ संख्यांच्या शक्यता एकत्र मांडता येतात. प्रत्येक शक्यतेसोबत घड्याळाच्या काट्यासारखा एक काटा असतो, असे समजा. काटे एका दिशेला आले की ती शक्यता बळावते, विरुद्ध दिशांना गेले की ती पुसली जाते. फूरिएचे सर्किट हे काटे नेमके फिरवण्याचे काम करते.

त्यासाठी तीनच प्रकारचे तुकडे लागतात. पहिला हॅडामार्ड गेट, जो एका क्यूबिटची शून्य आणि एक अशा दोन शक्यतांत समान वाटणी करतो. दुसरा नियंत्रित कोनाचा गेट. दोन क्यूबिट एकाच वेळी 'एक' असतील, तरच तो काटा ठरलेल्या कोनातून फिरवतो. तिसरा अदलाबदलीचा गेट.

जोडणी अशी. सर्वांत मोठ्या किमतीच्या क्यूबिटला हॅडामार्ड लावायचा. मग मधल्या क्यूबिटच्या साथीने ९० अंश आणि सर्वांत लहान क्यूबिटच्या साथीने ४५ अंश फिरवायचे. पुढे मधल्या क्यूबिटला हॅडामार्ड आणि लहानाच्या साथीने ९० अंश. मग लहान क्यूबिटला हॅडामार्ड. शेवटी पहिल्या आणि तिसऱ्या क्यूबिटची अदलाबदल. तीन हॅडामार्ड, तीन कोन, एक अदलाबदल, असे एकूण सात तुकडे.

कोनांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. क्यूबिटची संख्या वाढवली, की ९०, ४५, साडेबावीस असे कोन दर पायरीला निम्मे होत जातात. दशमान पद्धतीत एक घर सरकले की किंमत दहापट बदलते. इथे घर सरकले की कोन निम्मा होतो.

कोनाने मोजमाप करण्याची रीत वाशीमला परकी नाही. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. भास्कराचार्यांच्या 'करणकुतूहल' या ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेषेवरील ठिकाणांमध्ये वत्सगुल्माचे नाव येते आणि शहरातील मध्यमेश्वर मंदिराची ओळखही याच मध्यरेषेशी जोडली जाते. त्या रेषेपासून गाव किती अंश पूर्वेला किंवा पश्चिमेला, यावरून ज्योतिर्गणिती तिथल्या वेळेचा फरक काढत. एक अंश म्हणजे दहा पळे, आजची चार मिनिटे. कोन कळला की काळ कळतो. क्वांटम सर्किटमध्येही माहिती काट्याच्या कोनात साठवलेली असते. फूरिए रूपांतर ती मोजता येईल अशा संख्येत आणते.

चुकीचे सर्किट तक्रार करत नाही

आता सर्किट चालवू. शून्यापासून सातपर्यंतचे आठ आकडे म्हणजे आठ दिवस धरू. १ आणि ५ या दोन संख्यांची समान शक्यता तयार करून सर्किटमध्ये सोडली, तर मोजणीत ०, २, ४ आणि ६ हेच आकडे सारख्या प्रमाणात येतात. अंतर दोनचे. आठ भागिले दोन, म्हणजे चार. आवर्तन सापडले. १ आणि ५ ऐवजी २ आणि ६ घातले, तरी मोजणीतील आकडे तेच येतात. पाणी कोणत्या तारखेला सुरू झाले, हे सर्किट विसरते. किती दिवसांनी येते, एवढेच सांगते. शोर यांच्या रीतीत याचे फार महत्त्व आहे, कारण तिथे प्रत्येक खेपेला सुरुवातीची 'तारीख' वेगळी निघते.

गंमत पुढे आहे. शेवटची अदलाबदल विसरली, तर मोजणीत ०, १, २ आणि ३ येतात. प्रोग्रॅम अडत नाही, लाल अक्षरांत काही लिहून येत नाही. उत्तर निमूटपणे चुकते. कारण या सर्किटमधून क्यूबिट उलट्या क्रमाने बाहेर पडतात आणि त्यांना सुलट करणारा तुकडाच राहून गेलेला असतो. त्यात क्यूबिट डावीकडून मोजायचे की उजवीकडून, याचा रिवाज लायब्ररीगणिक वेगळा. किस्किटमध्ये शून्य क्रमांकाचा क्यूबिट छापील उत्तरात सर्वांत उजवीकडे असतो.

आपले सर्किट बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी अनेकजण ते आधी सुलट आणि मग उलट चालवतात. मूळ संख्या परत मिळाली की समाधान मानतात. पण ही परीक्षा फसवी आहे. चुकीचे सर्किटही उलटे चालवले की आपली चूक आपणच पुसते. खरी परीक्षा एकच: ज्याचे उत्तर हाताने काढता येते, असे छोटे उदाहरण घ्यायचे आणि आकडे पडताळायचे. साध्या संगणकाच्या फूरिए रूपांतराशी तुलना करायची असेल, तर तिथे काटा कोणत्या दिशेने फिरवला आहे तेही पाहावे लागते. 'नम्पाय' या प्रचलित लायब्ररीत तो उलट दिशेने फिरतो.

वेग कुठे आहे, कुठे नाही

वीस क्यूबिटमध्ये १०,४८,५७६ संख्या मावतात. तेवढ्या संख्यांचे फूरिए रूपांतर साध्या संगणकाला सुमारे दोन कोटी पायऱ्यांत जमते. क्वांटम सर्किटला २२० तुकडे पुरतात: २० हॅडामार्ड, १९० कोन, १० अदलाबदली. त्यांतही फार बारीक कोन वगळले तरी चालते, हे आयबीएमच्या डॉन कॉपरस्मिथ यांनी १९९४ मध्येच दाखवले. लायब्ररीत त्यासाठी स्वतंत्र सोय आहे.

मग एमआरआयचे चित्र क्षणात तयार होईल का? तर नाही. क्वांटम सर्किटमधील दहा लाख उत्तरे वाचता येत नाहीत. एका मोजणीत एकच आकडा हाती लागतो आणि बाकी सारे नाहीसे होते. आपल्या उदाहरणात २ किंवा ६ आला तर चारचे आवर्तन कळते, ४ आला तर ते दोनचे वाटते आणि ० आला तर काहीच कळत नाही. म्हणून प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो. जिथे संपूर्ण चित्र हवे, तिथे हे उपयोगाचे नाही. जिथे फक्त एक आवर्तन हवे, तिथे मात्र याला तोड नाही. कुलपाला धोका आहे तो यामुळे.

लॅपटॉपवर आपण चालवतो ती क्वांटम संगणकाची नक्कल असते, हेही ध्यानात ठेवावे. प्रत्येक नवा क्यूबिट मेमरीची गरज दुप्पट करतो. वीस क्यूबिटला १६ एमबी पुरते, तिसाला १६ जीबी लागते, चाळिसाला १६ हजार जीबीहून अधिक. शिकण्यासाठी साधा लॅपटॉप भरपूर झाला, कुलूप फोडण्यासाठी मात्र नाही.

मुंबई-पुण्याचे सहा क्यूबिट

खरे यंत्र महाराष्ट्रातही आकार घेत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलेल्या सहा क्यूबिटच्या क्वांटम प्रोसेसरची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाली. या प्रकल्पात डीआरडीओची पुण्यातील क्वांटम तंत्रज्ञानाची युवा शास्त्रज्ञ प्रयोगशाळा आणि टीसीएस सहभागी आहेत. इंटरनेटवरून सर्किट पाठवायचे, ते प्रोसेसरवर चालवायचे आणि निकाल परत आणायचा, अशी ती चाचणी होती. सहा क्यूबिटचे फूरिए सर्किट २४ तुकड्यांचे होते. पण खऱ्या यंत्रात प्रत्येक तुकड्यागणिक थोडी चूक मिसळते. कागदावर २४ तुकडे किरकोळ वाटतात, यंत्राला ते जड जातात. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले, ते ही दरी कमी करण्यासाठीच.

कुलूप तुटायला अजून किती यंत्रबळ लागेल? २०१९ मधील एका अंदाजानुसार २०४८ बिटांच्या आरएसए कुलपाला दोन कोटी क्यूबिट लागणार होते. त्या अंदाजाचे एक लेखक, गुगलचे क्रेग गिडनी यांनी मे २०२५ मध्ये तो आकडा दहा लाखांच्या आत आणला. यंत्रे अजून त्यापासून फार दूर आहेत, पण गणित दर काही वर्षांनी अंतर कापते आहे. म्हणूनच अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही न जुमानणाऱ्या कुलपांची पहिली तीन मानके प्रसिद्ध केली.

उद्या सकाळी कोणाचे बँक खाते रिकामे होईल, अशी ही भीती नाही. काळजी आहे ती दीर्घकाळ गुप्त राहायला हव्या अशा माहितीची. रुग्णाचे जनुकीय अहवाल, मानसिक उपचारांच्या नोंदी, एचआयव्हीची तपासणी, ही माहिती वीस-तीस वर्षांनीही तितकीच खाजगी असते. कुलूपबंद नोंदी आज कोणी नुसत्या उतरवून ठेवल्या, तर उद्याच्या यंत्राने त्या उघडता येतील. त्यामुळे नवी कुलुपे लावण्याचे काम यंत्र येण्याची वाट न पाहता करावे लागेल. आपली माहिती साठवणाऱ्या रुग्णालयाला आणि विमा कंपनीला ग्राहकाने याविषयी विचारणे अगदी रास्त आहे.

रिसोड, मानोरा किंवा कारंजाच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला हे सर्किट जोडायला बारावीचे गणित, थोडे पायथन आणि एक दुपार पुरेल. त्यातून नोकरी लगेच मिळेल असे नाही. पण 'क्वांटम'चे नाव घेऊन कोणी महागडा अभ्यासक्रम, औषध किंवा गुंतवणूक विकायला आले, तर छोटे उदाहरण सोडवून दाखवा आणि उत्तर माझ्यासमोर पडताळा, एवढे सांगण्याची हिंमत नक्की मिळेल.